आधी बुश, मग लिफ्ट
(ताडोब्यातल्या सफारी जिप्सीच्या चालक-मालकांसमोर पावसाळी सुट्टीत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. कोअरची (जंगलाच्या गाभ्याची) गेटं बंद आहेत, गाड्या दारात उभ्या आहेत आणि एक ऑक्टोबरला अजून अवकाश आहे. बुशचं, म्हणजे गाडीच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) टोकांत बसणाऱ्या रबरांचं, काम करायचं तर हेच दिवस. खर्च फार नाही, पण गाडी घोडीवर (स्टँडवर) चढली की लगेच उतरत नाही, आणि सीझनमध्ये सकाळची फेरी सोडून गाडी उघडायला कोण तयार होतो?

जिप्सी आपल्याकडे 1985 साली आली, 970 सीसीच्या इंजिनावर. 1996 मध्ये 1300 चं इंजिन आलं, 2000 मध्ये एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंधन फवारणारी यंत्रणा, आलं. इंजिन बदललं, खालचं मात्र जसंच्या तसं राहिलं: शिडीसारखी चासी (गाडीचा सांगाडा), पुढे-मागे अखंड एक्सल (दोन्ही चाकं जोडणारा दांडा) आणि चारही चाकांवर पाटे. 2019 च्या सुमारास सामान्य गिऱ्हाइकाला नवी जिप्सी मिळणं बंद झालं. म्हणजे जी दारात आहे तीच जपायची आहे. आणि जपायचं म्हटलं की आपल्या लोकांच्या डोक्यात पहिल्यांदा काय येतं? रुंद टायर, लांब शॅकल (पाट्याचं एक टोक चासीला जोडणारी हलती पट्टी), दोन इंच लिफ्ट. गाडी उंच दिसली की मालक खूश. मी आज बसलोय ते एवढंच सांगायला, की बुश नीट नसतील तर यातल्या एकाही गोष्टीला हात लावू नका.

का, ते बघा. कॉइल स्प्रिंगच्या गाडीत स्प्रिंग फक्त वजन झेलते. एक्सल जागेवर धरायला वेगळे आर्म असतात, आडवा रॉड असतो. जिप्सीत असं काही नाही. पाटाच वजन झेलतो आणि पाटाच एक्सल धरतो. आणि तो पाटा चासीला कशानं जोडलाय? रबरानं. एका पाट्याला तीन जागा: एक पक्का डोळा (पाट्याचं चासीला थेट जोडलेलं गोल टोक), शॅकलची खालची बाजू, शॅकलची वरची बाजू. चार पाटे, बारा जागा. एक्सल आणि चासी यांच्यातलं जे काही ओढणं-ढकलणं आहे, ते या बारा जागांतून जातं.

आता पुढचा पाटा डोळ्यासमोर आणा. जिप्सीत पुढच्या पाट्याचं शॅकल पुढे असतं, पक्का डोळा मागे. ब्रेक दाबला की एक्सल मागे ढकलला जातो आणि सगळा जोर त्या मागच्या डोळ्यावर येतो. डावा बुश खाल्ला गेलाय आणि उजवा बरा आहे, असं समजा. मग डावी बाजू उजवीपेक्षा जास्त मागे सरकते, एक्सल तिरका होतो, गाडी डावीकडे ओढते. स्टेअरिंग तुमच्या हातात असतं, पण वळवतो बुश.

हे दुखणं घेऊन माणूस गॅरेजात गेला की काय होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. आधी ब्रेक उघडतात. मग स्टेअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळतात, स्टेअरिंग जड होतं, ओढणं तसंच. मग शॉकअप बदलतात. मग अलाइनमेंट. अहो, अखंड एक्सलच्या गाडीत अलाइनमेंटवाला टो (पुढची चाकं आत-बाहेर वळल्याचं माप) सोडून सेट करणार काय? एवढे पैसे गेल्यावर कुणीतरी खाली वाकून बघतो, तर डोळ्यातलं रबर एका बाजूनं कागदाएवढं राहिलेलं असतं.

तपासायला फार काही लागत नाही. गाडी चाकांवरच उभी ठेवा. पाट्याचा डोळा आणि ब्रॅकेट यांच्यामध्ये टॉमी (लोखंडी पहार) घाला आणि उचका. रबर थोडं दबून परत आलं तर ठीक. डोळा बोल्टभोवती खटकन हलला तर बुश गेला. रबराची कड बाहेर फुगून भेगाळलेली दिसते का, बोल्ट डोळ्याच्या मधोमध आहे की खाली बसलाय, हेही बघा. मग एकाला गाडीत बसवून इंजिन चालू ठेवून स्टेअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवायला सांगा आणि तुम्ही शॅकलकडे बघत राहा. शॅकल आडवं डोलताना दिसलं की विषय संपला. हँडल थरथरण्याची तक्रार असेल तर किंगपिनचे (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खिळीचे) बेअरिंगही त्याच बैठकीत बघून घ्या, ते दुसरं नेहमीचं कारण.

तुमच्या गाड्यांचे बुश घरच्या जिप्सीपेक्षा लवकर का जातात, याची दोन कारणं आहेत. पहिलं वजन. रिकामी जिप्सी साधारण हजार किलोची. त्यात सहा पर्यटक, एक गाइड, एक चालक. सरासरी पासष्ट किलो धरा, पाचशे वीस किलो झाले. गाडीच्या निम्मं वजन तुम्ही रोज दोनदा चढवता-उतरवता, आणि मागची सीटं उंच, म्हणजे वळणावर झुकणं जास्त.

दुसरं कारण आपणच करून ठेवलंय. सर्व्हिसिंगला गाडी नेली की खालून डिझेल आणि जळक्या ऑइलचा फवारा. पाटे काळे चमकतात, करकर थांबते, मालक समाधानी. पण बुशचं रबर खनिज तेलानं फुगतं, मऊ पडतं, सुटतं. पाट्याला गंज लागू नये म्हणून जे मारता, तेच बुश खातं. मारायचंच असेल तर पाट्याच्या मधल्या भागाला ब्रशनं लावा, डोळ्यापासून लांब.

आता काम. जॅक चासीखाली लावा, घोड्याही चासीखालीच, आणि एक्सलला वेगळा जॅक, म्हणजे पाट्यावरचा ताण हवा तसा कमी-जास्त करता येतो. बोल्टांवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. इथे चालेल, बुश जाणारच आहे. एक बाजू पूर्ण करा, मग दुसरी. चारही पाटे एकदम सोडलेत तर एक्सल कुठे जाईल, सांगता येत नाही. जुनं रबर गॅसनं जाळून काढायची पद्धत आहे, ती सोडा. धूर वाईट, आणि तापवलेल्या डोळ्याचं टेम्पर जातं. सुरीनं कापा, उरलेलं ठोकून काढा. डोळा आतून पॉलिश पेपरनं साफ करा, पत्री गंज राहू देऊ नका. नवा बुश साबणाच्या पाण्यानं बसवा. ग्रीस नाही. साबण सुकून जातो, ग्रीस राहतं.

आणि आता खरं महत्त्वाचं. बोल्ट घाला, नट हातानं टेकवा, पण आवळू नका. गाडी खाली घ्या, चाकांवर उभी करा, दोन-चार वेळा दाबून हलवा आणि मग आवळा. साधा रबरी बुश बोल्टवर फिरत नाही, तो जागच्या जागी पिळला जातो आणि सुटतो. एक्सल लोंबकळत असताना तुम्ही नट कसलात, तर गाडी खाली आल्याक्षणी रबर पिळलेलं, आणि पुढे आयुष्यभर पिळलेलंच. खड्डा आला की त्यात आणखी भर. नवे बुश एका सीझनमध्ये फाटतात आणि आपण मालाला नावं ठेवतो. माझं तर म्हणणं आहे, सफारीच्या गाडीचे मागचे नट माणसं बसवून आवळावेत. चार जण मागे बसवा, नाहीतर वाळूची पोती टाका. तुमची गाडी रिकामी चालतच नाही, मग रिकाम्या उंचीवर आवळण्यात काय अर्थ? यू बोल्ट, म्हणजे पाटा एक्सलला बांधणारे बोल्ट, नंतर काही दिवस चालवून पुन्हा आवळायचे. ते ढिले राहिले की पाट्याच्या पट्ट्या मधोमध जोडणारा सेंटर बोल्ट तुटतो.

(प्रश्न: पीयूचे, म्हणजे पॉलियुरेथेनचे, बुश टाकावेत का?)

पीयू रबरापेक्षा कडक, तेलाला दाद देत नाही, जास्त टिकतो. डांबरी रस्त्यावर स्टेअरिंग छान घट्ट लागतं. पण तुमची वाट डांबरी नाही. नाल्यात एक चाक वर, एक खाली असताना पाटा पिळला जातो, तेव्हा रबर वाकतं; पीयू वाकत नाही, आणि तो ताण मेन पाट्याच्या डोळ्यावर आणि शॅकलच्या बोल्टवर जातो. शिवाय त्याला सिलिकॉन ग्रीस लागतं. धूळ-पाण्यानं ते गेलं की बुश चिरकतो. पाणवठ्यावर वाघीण बसलीय, सगळे श्वास रोखून आहेत आणि तुमची गाडी कुईं कुईं करतेय, हे तुम्हालाच नको असेल. मी कंपनीचं रबरच घालीन.

(प्रश्न: आणि लांब शॅकल?)

दोन इंच लांब शॅकलनं उंची मिळते जेमतेम एक इंच. पुढच्या पाट्याचं पुढचं टोक खाली जातं, एक्सल पुढे कलतो, कॅस्टर (चाकाच्या वळण्याच्या अक्षाचा मागचा कल) कमी होतो. गाडी सरळ धरायला सतत हात मारावा लागतो. उंची हवीच असेल तर चांगले पाटे करून घ्या, सोबत ब्रेकच्या नळ्यांची लांबी आणि शाफ्टचा कोन बघा. आणि फिटनेसला जाण्याआधी मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या बदलांबद्दलचं कलम 52 कुणाकडून तरी समजून घ्या.

बाहेर झाडाखाली एक गाडी उभी केली आहे. डाव्या पुढच्या चाकापासून सुरू करू. टॉमी कुणाकडे आहे?