लाव्ह्याला पाणी भेटलं तेव्हा: मीवात्नची फेरी

[दृश्य: तळ्याच्या काठचे हिरवे उंचवटे, आकाशातून]

आइसलँडच्या उत्तरेला, मीवात्न तळ्याच्या काठावर हे गोल उंचवटे दिसतात. प्रत्येकाच्या माथ्यावर खोल खळगा. कुणीही यांना ज्वालामुखीच म्हणेल. पण यांतल्या एकाच्याही पोटातून लाव्हा कधी वर आलेला नाही. तो आला बाजूने, वाहत.

सुमारे 2300 वर्षांपूर्वी पूर्वेकडच्या भेगांमधून बेसॉल्टचा लोंढा निघाला आणि इथल्या पाणथळ जमिनीवर पसरला. खाली कोंडलेल्या पाण्याची वाफ झाली, तिला वाट मिळेना, म्हणून तिने डोक्यावरचा लाव्हाच फोडला. जिथे फोडला, तिथे असा एकेक खळगा. आज दिसतं ते तळंही त्याच लोंढ्याने घडवलं. या फेरीत पुढे जे काही दिसेल, त्याचं गणित हेच आहे: तापलेल्या दगडाला पाणी कुठे भेटलं आणि किती भेटलं.

[दृश्य: उथळ पाणी, बदकांची पिल्लं]

तळं मोठं आहे, जवळजवळ 37 चौरस किलोमीटर. खोली मात्र सरासरी अडीच मीटर. ऊन थेट तळापर्यंत पोहोचतं. कातळातून झिरपून येणारं पाणी खनिजं घेऊन येतं, त्यावर शेवाळ पोसतं, शेवाळावर चिलटांच्या अळ्या, आणि चिलटांवर बदकं. उन्हाळ्यात ही चिलटं काठावर धुरासारखी उठतात. नाकातोंडात जातात, बोलायची सोय उरत नाही. पण ती नसती तर इथे पक्षी पाहायला कुणी आलंच नसतं. बॅरोज गोल्डनआय हे बदक युरोपात घरटं करतं ते जवळपास फक्त आइसलँडमध्ये, आणि त्यांचं मोठं ठाणं हेच.

[दृश्य: तळ्यातून बाहेर पडणारी नदी]

तळ्यातून लाक्साउ नदी निघते. 1970 साली या नदीवर मोठ्या वीजप्रकल्पाचा बेत होता. खोऱ्यातली शेतं पाण्याखाली जाणार होती. 25 ऑगस्टच्या रात्री इथल्या शेतकऱ्यांनी नदीवरचा एक लहान बांध सुरुंग लावून उडवला. चौकशी सुरू झाली, तर शंभराहून अधिक जण पुढे आले आणि म्हणाले, आम्हीच केलं. पकडणार कुणाला? प्रकल्प बारगळला, आणि 1974 मध्ये तळं व नदी यांच्या संरक्षणासाठी खास कायदा झाला. मुळशीचा इतिहास ठाऊक असलेल्या मराठी माणसाला हे ऐकून थोडा हेवा वाटेल. मावळातल्या शेतकऱ्यांनीही 1921 मध्ये सत्याग्रह केला होता. तिथे धरण झालंच.

[दृश्य: दिम्मुबोर्गिर, काळे खांब आणि कमानी]

हे दिम्मुबोर्गिर. 2300 वर्षांपूर्वीच्या त्याच उद्रेकात लाव्हा इथे साचून राहिला होता. खालच्या ओल्या जमिनीतून वाफ वर येत राहिली. तिच्या वाटेभोवतीचा लाव्हा आधी निवला आणि त्याचे खांब झाले. मग बांध फुटल्यासारखा उरलेला लाव्हा तळ्याकडे वाहून गेला, खांब तसेच राहिले. त्यांच्या अंगावरच्या आडव्या रेघा नीट बघा. लाव्ह्याची पातळी टप्प्याटप्प्याने उतरली, त्याच्या त्या खुणा.

[दृश्य: भेगेचं अरुंद तोंड, आत निळसर पाणी, वर वाफ]

आपल्याकडे बेसॉल्टच्या पोटात पोकळी म्हटली की अजिंठा, कार्ले, पितळखोरे. छिन्नी आणि पिढ्यान्‌पिढ्यांची मेहनत. ग्रियोताग्याउची ही गुहा मात्र जमीन फाटल्याने झाली आहे. उत्तर अमेरिकेचं आणि युरेशियाचं भूपट्ट इथे वर्षाला साधारण दोन सेंटिमीटरने एकमेकांपासून दूर सरकतात.

आतल्या पाण्यात गावातली माणसं पूर्वी अंघोळीला येत. 1975 मध्ये शेजारचा क्राप्ला ज्वालामुखी जागा झाला, 1984 पर्यंत अधूनमधून उसळत राहिला, आणि या पाण्याचं तापमान 50 अंशांच्या वर गेलं. नंतर ते उतरलं, तरी आता पाण्यात उतरायला बंदी आहे. वाकून बघा, हात घालू नका.

[दृश्य: क्वेरिर, पिवळी-तांबडी उघडी जमीन, चिखलाचा आवाज मोठा]

क्वेरिरला पोहोचण्याआधीच वास येतो, सडक्या अंड्यांचा. हायड्रोजन सल्फाइड. इथे वर पाणी कमी, वाफ जास्त. आम्लाने कातळ कुजवून त्याचा चिखल केला आहे आणि तो करड्या पिठल्यासारखा रटरटतोय. हजार मीटर खाली तापमान 200 अंशांच्या पुढे आहे. दोरीच्या पलीकडे पाय टाकू नका. वरचा थर कुठे पातळ आहे ते दिसत नाही.

इथलं गंधक एके काळी डेन्मार्कच्या राजासाठी काढलं जाई, बंदुकीच्या दारूकरता.

गणेशपुरी-अकलोलीची कुंडं पाहिलेल्यांना हा वास ओळखीचा वाटेल, पण तिथल्या जमिनीखाली लाव्हा नाही. सह्याद्रीचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तो केव्हाच निवला. तिथे पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने तापतं आणि परत वर येतं. इथली धग ताजी आहे.

पलीकडे ब्यार्नार्फ्लागला लोक याच उबेत राय धान्याचा गोडसर पाव दिवसभर पुरून भाजतात. तिथेच 1969 मध्ये देशातलं पहिलं भूऔष्णिक वीजकेंद्र सुरू झालं. आणि तिथेच 1977 मध्ये, जमिनीखालून सरकत आलेला लाव्हा चक्क एका विंधनविहिरीतून बाहेर उडाला.

[दृश्य: क्राप्ला, वीती विवर, निळं पाणी, मागे वीजकेंद्राच्या वाफेचे लोट]

शेवटचा थांबा क्राप्ला. वीती हे विवर 1724 च्या स्फोटात तयार झालं. पाच वर्षं चाललेल्या त्या उद्रेकांत लाव्हा तळ्याकाठच्या गावापर्यंत उतरला, शेतं-घरं गेली. चर्चच्या दोन्ही अंगांनी तो वाहिला आणि चर्च तेवढं वाचलं.

मागे 60 मेगावॉटचं वीजकेंद्र आहे. 2009 मध्ये इथे चार किलोमीटरहून खोल भोक पाडायचं ठरलं होतं. जेमतेम 2.1 किलोमीटरवर छिद्रक अडकला. तो थेट वितळलेल्या खडकात घुसला होता. तिथे एवढ्या वर मॅग्मा असेल याचा कुणालाच अंदाज नव्हता. त्या विहिरीची वाफ 450 अंशांपर्यंत तापलेली निघाली. यंत्रसामग्रीला ती झेपेना, आणि विहीर बंद करावी लागली. आता शास्त्रज्ञांनी त्याच मॅग्म्यापर्यंत पुन्हा छिद्र पाडायची योजना आखली आहे, या वेळी ठरवून.