कोण पोरगा?

नमस्कार. मागे ऐकू येतंय ना? बरं. विषय विचारला तेव्हा मी "सुट्टीतलं हलकंफुलकं वाचन" एवढंच सांगितलं होतं, आयोजकांना वाटलं बाई हसवणार, तर बघू या.

झालं असं, मागच्या डिसेंबरात सुनेनं मला तिच्या किंडलवर पाच-सहा इंग्रजी नाताळवाल्या कादंबऱ्या टाकून दिल्या. इंदूरच्या सराफ्यात गराडू, म्हणजे तो हिवाळ्यातला तळलेला कंद, सुरू झालेले, मी रजईत, आणि कादंबरीत बर्फ, मस्त चाललं होतं. साचा ठरलेला असतो, मोठ्या शहरातली मुलगी सुट्टीत गावी येते, गावात बेकरी, बेकरीवाला देखणा, बहुतेक विधुर, नाहीतर कुत्रा तरी पाळलेला, आणि शेवटी जमतं. अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेनं तर व्याख्याच तशी केलीय, मध्यभागी प्रेमकथा हवी आणि शेवट समाधानाचा, आशेचा हवा. त्यामुळे गोड शेवटाबद्दल माझी तक्रार नाही, पोह्यांवर शेव असणारच, नसली तर इंदूरचे पोहे कसले.

पण एकीत त्या मुलीचा साखरपुडा झालेला! बोटात अंगठी, मुलगा शहरात, आणि ही हॉट चॉकलेट पिता पिता बेकरीवाल्याच्या मिठीत. मी चष्मा काढून ठेवला. मैत्रीण म्हणाली, अगं तू कधीपासून सोवळी झालीस, तू तर मोडलेल्या संसाराच्या गोष्टी रडत रडत वाचतेस. वाचते ना. पण तिथे घर फुटतं ते आवाजासकट फुटतं, दोन्हीकडचं ऐकू येतं. इथे लेखिका काय करते, तर त्या शहरातल्या मुलाला आधीच नालायक करून ठेवते. सतत फोनवर, कुत्रा आवडत नाही, नाताळातसुद्धा मीटिंग. म्हणजे आपल्याला वाईट वाटायला जागाच नको. अहो, आमचे हे बँकेत होते, एकतीस मार्चला रात्री एक-दोनला घरी यायचे, मग मी काय छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत बेकरीवाला शोधायला जायचं होतं?

आणि आपण फार हसायला नको. १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक निघाला तेव्हापासून फराळाबरोबर अंक ही आपली सवय, आणि त्यातल्या विनोदी कथा आठवा, साहेब आणि स्टेनो, हॉटेलात अचानक बायको समोर. आणि बायको कशी? जाडी, खेकसणारी, हातात लाटणं. युक्ती तीच की. जिला फसवायचं तिलाच आधी हास्यास्पद करून टाकायचं. मीही हसलेय त्यावर, चकली खाता खाता, खोटं कशाला सांगू.

यावर कोणीतरी म्हणतंच, आता कायद्यानंही गुन्हा नाही, तुम्ही कशाला धरून बसलाय. बरोबर, २७ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानं व्यभिचाराचं कलम ४९७ रद्द केलं, आणि ते जायलाच हवं होतं. घटस्फोटाचं कारण म्हणून व्यभिचार आजही आहे, तो भाग वेगळा. पण ते कलम होतं काय बघा, दुसऱ्याच्या बायकोशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषाला शिक्षा, आणि तक्रार करायची ती तिच्या नवऱ्यानं. संबंध ठेवणाऱ्याची स्वतःची बायको घरी बसलीय, तिला तक्रारीचा हक्कच नाही. म्हणजे दीडशेहून जास्त वर्षं कायद्याच्या हिशोबात ती बाई धरलेलीच नव्हती. माझं रजईतलं दुखणं हेच होतं, नीती वगैरे नंतर.

तर त्या मुलाचं काय झालं? शेवटून तिसऱ्या पानावर त्याला एक फोन येतो, चार ओळींचा, तो म्हणतो "मलाही वाटलंच होतं", की लगेच इकडे चर्चच्या घंटा आणि केक. किंडल परत दिलं तेव्हा सुनेनं विचारलं, आई, कशी वाटली? मी म्हटलं, छान आहे गं, पण तो पोरगा त्या रात्री जेवला तरी का?

ती म्हणाली, कोण पोरगा?