पुरात कोणत्या तपासण्या चालू ठेवायच्या?

(प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि पॅथॉलॉजिस्ट यांच्या मेळाव्यातील व्याख्यान, थोडं संपादित करून)

नमस्कार मंडळी. पत्रिकेत माझा विषय 'वैद्यकीय प्रयोगशाळा आणि आपत्तीची पूर्वतयारी' असा छापलाय आणि खाली 'आराखडा कसा लिहावा' असंही आहे. आराखड्याकडं मी येणार आहे. समोर बसलेले बहुतेक जण सांगली-मिरजेचे, काही कोल्हापूर-इचलकरंजीचे दिसताहेत, म्हणजे पूर काय असतो हे मी सांगायला नको. पावसाळ्यात सांगलीच्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी किती, हे आपल्याकडं शेंबडं पोरही विचारतं. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या घरात गेलं. तिकडं कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला ४३ फूट ही धोक्याची पातळी, ती ओलांडून पाणी ५५ च्या वर गेलं. हे आकडे आपल्याला पाठ आहेत.

आता मला सांगा, वीज गेली आणि रस्ता बंद झाला तर आम्ही एवढ्याच तपासण्या करू, असा सहीशिक्क्याचा कागद किती जणांच्या लॅबच्या भिंतीवर आहे? हात वर करा. तीन. मागे एक हात अर्धाच वर आहे, म्हणजे कागद आहे पण कपाटात आहे. कपाटाची किल्ली कुणाकडं असते तेवढं विचारून ठेवा.

मला आज एवढंच पटवून द्यायचंय, की कोणत्या तपासण्या थांबवायच्या हे पाणी यायच्या आधी ठरवा. आग विझवायचं नळकांडं हवंच, त्याची तारीख बघायलाच हवी. पण आपली बहुतेक मॉक ड्रिल त्या नळकांड्यापाशी सुरू होते, त्याच्याशेजारी फोटो निघतो आणि तिथंच संपते. पुरात नळकांड्याचा उपयोग नाही. तिथं वीज, पाणी, माणसं आणि रिएजंट, म्हणजे तपासणीची रसायनं, चारही एकाच वेळी तोकडं पडतं, आणि आहे ते कशावर खर्च करायचं हा प्रश्न पहिल्याच संध्याकाळी दारात उभा राहतो.

२०१९ मध्ये मी ज्या रुग्णालयाच्या लॅबचं काम बघत होतो, त्याचं नाव घेत नाही. लॅब पहिल्या मजल्यावर होती, त्यामुळं आम्ही निर्धास्त होतो. जनरेटरही चांगल्या उंच ओट्यावर बसवलेला, २००५ च्या पुराचा धडा घेऊन बसवलेला. पण त्याचं चेंजओव्हरचं पॅनल, म्हणजे वीज गेली की लोड जनरेटरवर वळवणारी पेटी, तळघरात राहिलं होतं. तळघरात पाणी शिरलं आणि ओट्यावरचा धडधाकट जनरेटर निरुपयोगी झाला. यात कुणा एकाला दोष द्यायची माझी इच्छा नाही. ओटा बांधणारा वेगळा, वायरिंग करणारा वेगळा, आणि लॅबला दोघांपैकी कुणीच विचारलेलं नाही. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात २०१२ च्या सँडी वादळात हेच झालं. जनरेटर १३ व्या मजल्यावर आणि त्याला इंधन चढवणारे पंप तळघरात. पंप बुडाल्यावर लोकांनी जिन्यात रांग लावून हातोहात इंधन वर पोचवलं, आणि तरीही शेवटी रुग्णालय रिकामं करावं लागलं. एवढ्या श्रीमंत शहरात हे घडतं, तर तुम्ही आज घरी जायच्या आधी आपल्या इमारतीचं पॅनल कुठं आहे ते डोळ्यांनी बघून या. कुणाला फोन करून विचारू नका, स्वतः बघा.

तर आमच्याकडं मग गच्चीवर एक छोटा जनरेटर आणून बसवला. हायवे बंद, त्यामुळं डिझेलची मारामार. इलेक्ट्रिशियननं सांगितलं, साहेब, रक्ताचे फ्रीज आणि वर एक-दोन मशीन, यापुढं लोड टाकाल तर हेही जाईल. आणि अशा वेळी खालून अर्ज येताहेत. कसले? लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉल वगैरे. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी. एका अर्जावर व्हिटॅमिन डी. शहरात होड्या फिरताहेत आणि आम्ही व्हिटॅमिन डी करायचं!

हसू येतं खरं, पण हे अर्ज कुणी वेडेपणानं लिहिले नव्हते. दाखल झालेल्या प्रत्येकाचा ठरलेला संच असतो, निवासी डॉक्टर हात चालवत खुणा करत जातो. आमच्या तरुण टेक्निशियननं ते सगळं लावलं, कारण डॉक्टरांनी लिहिलंय ना. त्याचंही बरोबरच होतं. पण बायोकेमिस्ट्रीचं मोठं मशीन नुसती वीज खात नाही, ते तासाला कित्येक लिटर शुद्ध पाणी पितं. आरओ प्लँट बंद, टाकीत होतं तेवढंच पाणी. चहूकडं कृष्णामाई पसरलेली आणि लॅबला मशीन धुवायला पाणी नाही. कोल्हापुरात तर उपसा केंद्रंच पुरात गेल्यानं शहराला प्यायचं पाणी टँकरनं द्यावं लागलं होतं. आमची टाकी त्या लिपिड प्रोफाइलांवर संपली. त्यानंतर मूत्रपिंडाचं काम सांगणारं जे क्रिॲटिनिन खरोखर हवं होतं, ते करायची सोय उरली नाही.

मी खाली जाऊन म्हटलं, आता फक्त अत्यावश्यक तपासण्या. तर एक ज्येष्ठ डॉक्टर म्हणाले, "माझ्या पेशंटला काय अत्यावश्यक, हे तुम्ही कोण ठरवणार?" आमचा वाद झाला, अगदी जिन्यात उभं राहून झाला. आज एवढ्या वर्षांनी मला त्यांचं म्हणणं रास्त वाटतं. मी कोण? मला तो अधिकार कुणी लिहून दिलेला नव्हता. म्हणून हे भांडण पाणी यायच्या आधी, एप्रिल-मेमध्ये, पंख्याखाली बसून, चहा घेत करून टाकायचं. मेडिसिन, सर्जरी, स्त्रीरोग, बालरोग, सगळ्यांना बोलवा. यादीवर भांडा. एकेक तपासणी काढून टाकताना त्यांना त्रास होईल, होऊ द्या. शेवटी सगळ्यांच्या सह्या घ्या आणि ती यादी कोण लागू करणार, त्याचंही पद लिहा. त्या रात्री ड्युटीवर जो टेक्निशियन असेल त्याला लागू करता आली पाहिजे, कारण बाकीचे पोचणारच नाहीत.

पोचण्यावरून आठवलं. आपल्या लॅबमधल्या माणसांची यादी आपण हुद्द्यानं करतो. पुरासाठी ती नदीच्या काठानं करा. सांगलवाडीचे कोण, गावभागातले कोण, मिरजेकडून येणारे कोण. पूल बंद झाला की सांगलवाडीकरांना यायला मार्ग नाही, मग तो कितीही हुशार असो. आणि ज्याचं स्वतःचं घर पाण्यात आहे, आईवडील माळ्यावर बसलेत, त्याला ड्युटीवर बोलावणं मला तरी जमत नाही. त्याचं नाव यादीतून आधीच बाजूला ठेवा. उरलेल्यांतल्या दोघांना तरी रक्तगट आणि क्रॉसमॅच, म्हणजे पिशवीतलं रक्त रुग्णाला जुळतं का ही तपासणी, हातानं करता आलं पाहिजे.

रक्ताचं निघालं म्हणून एक सांगतो, हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. काही घडलं की लोक रक्त द्यायला धावतात. आपल्या मंडळांची पोरं अर्ध्या तासात दोनशे जण उभे करतात आणि मला त्यांचा अभिमान वाटतो. पण त्याच दिवशी सगळ्यांचं घेऊ नका. ११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेत लाखो पिशव्या रक्त जमा झालं आणि त्या हल्ल्यातल्या जखमींना तीनशेहूनही कमी पिशव्या लागल्या. बाकीचं बरंचसं मुदत संपून टाकून द्यावं लागलं. लाल पेशी साध्या पिशवीत ३५ दिवस टिकतात, सॅगएम या टिकवण्याच्या द्रावणात ४२. प्लेटलेट फक्त ५ दिवस. पहिल्या तासात जे रक्त चढतं ते आधीपासून तपासून फ्रीजमध्ये ठेवलेलंच असतं, रांगेतलं नव्हे. रांगेतल्या पोरांची नावं, गट, फोन लिहून घ्या, पाणी ओसरल्यावर टप्प्याटप्प्यानं बोलवा. पुरानंतर दोन-तीन आठवड्यांनी लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, साचलेल्या दूषित पाण्यातून होणारा ताप) आणि डेंगीचे रुग्ण वाढले की प्लेटलेट लागतात, तेव्हा ही पोरं खरी कामाला येतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण ऑगस्टमध्ये वाढले, हे मुंबईकरांना विचारा.

आणखी एक प्रश्न मला कोयना भागातले लोक विचारतात. ॲसिडच्या, फॉर्मॅलिनच्या, झायलीनच्या बाटल्या कुठं ठेवायच्या? भूकंपासाठी त्या खाली हव्यात, म्हणजे डोक्यावर पडून फुटणार नाहीत. पुरासाठी वर हव्यात. आपण दोन्हींच्या टापूत राहतो. १९६७ चा कोयनेचा भूकंप ज्यांनी पाहिला ते अजून आहेत आपल्यात. माझं उत्तर असं: तळमजल्यावर या बाटल्या ठेवूच नका. वरच्या मजल्यावर ठेवा, कमरेच्या खालच्या फळीवर, आणि फळीला पुढून चार बोटं उंच पट्टी ठोका. सुताराचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. ॲसिड आणि पेट घेणारं झायलीन एका फळीवर नकोत.

संयोजकांची चिठ्ठी आली. दहा मिनिटं? पाच. बरं. आराखडा राहिला, तो आता भरभर सांगतो, लिहून घ्या.

पहिली यादी. रक्तगट, क्रॉसमॅच, हिमोग्लोबिन, प्लेटलेट, सोडियम-पोटॅशियम, क्रिॲटिनिन, साखर, लघवीची पट्टी, मलेरियाचा स्मिअर, म्हणजे काचेवरचा रक्ताचा थर. ब्लड गॅसचं, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन आणि आम्लता मोजणारं मशीन असेल तर तेही. यात भर घालायची असेल तर एक काढून एक घाला.

दुसरं, यातली प्रत्येक तपासणी विजेशिवाय कशी होईल ते तिच्यापुढं लिहा. हिमोग्लोबिन साहलीनं, म्हणजे नळीतला रंग डोळ्यांनी जुळवायच्या जुन्या पद्धतीनं होतं. अचूकता कमी आहे, पण ५ आहे की १० आहे हे नक्की कळतं, आणि त्या रात्री तेवढंच हवं असतं. प्लेटलेट न्यूबॉयर चेंबरवर, म्हणजे पेशी मोजायच्या रेघांच्या काचेवर, अमोनियम ऑक्झलेट घालून. रक्तगट टाइलवर किंवा ट्यूबमध्ये. हातानं फिरवायचा सेंट्रिफ्यूज भंगारात दिला असेल तर दुसरा घ्या. आरशाचा जुना मायक्रोस्कोप दिवसाउजेडी उत्तम चालतो, तो देऊन टाकू नका. सोडियम-पोटॅशियम मोजणारं छोटं आयएसई मशीन यूपीएसवर निघतं. आणि हे सगळं महिन्यातून एकदा करून बघा, नाहीतर नव्या मुलांना साहलीची नळी धरताही येणार नाही.

तिसरं, फ्रीज. लाल पेशी २ ते ६ अंश, प्लेटलेट २० ते २४ अंशांना हलत्या ठेवून, प्लाझ्मा उणे ३० च्या खाली. वीज गेली की दार उघडू नका, तापमान दर अर्ध्या तासानं वहीत लिहा. शीतपेटीत हलवायची वेळ आली तर पिशवी थेट बर्फाला टेकवू नका, लाल पेशी गोठल्या की फुटतात. घाईत कुणीतरी प्लेटलेटही बर्फात घालतं, त्या वाया जातात. कोणत्या रक्तपेढीकडं पाठवायचं याचा करार आजच करा, आणि ती पेढी उंचावर असू द्या.

चौथं, ओळख. कॉम्प्युटर बंद, बारकोड बंद, एकाच वेळी चार अनोळखी रुग्ण. आधीच छापलेले क्रमांकाचे पट्टे ठेवा: एक मनगटाला, एक ट्यूबला, एक अर्जाला, एक रक्ताच्या पिशवीला. नाव नंतर कळलं तरी तो प्रसंग संपेपर्यंत क्रमांक बदलायचा नाही. चुकीच्या गटाचं रक्त चढतं ते बहुतेक वेळा ओळखीतल्या घोटाळ्यामुळं.

पाचवं, भूकंपासाठी खास. ढिगाऱ्याखाली चिरडलेल्या स्नायूंमुळं मूत्रपिंड बंद पडतं, हे १९४१ मध्ये लंडनवरच्या बाँबवर्षावात बायवॉटर्स आणि बील यांनी मांडलं. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत दगडमातीची घरं झोपलेल्या माणसांवर पडली, तिथं हीच भीती होती. अशा माणसाचं पोटॅशियम जीव घेतं. म्हणून पोटॅशियम जास्त आलं की सीरमचा, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणाऱ्या द्रवाचा रंग बघा. लाल असेल तर बहुधा सॅम्पल घेताना हिमोलिसिस झालंय, म्हणजे लाल पेशी फुटल्यात, दुसरं मागवा. पिवळं स्वच्छ असेल तर त्याच क्षणी फोन. लघवी गडद, पट्टीवर रक्त पॉझिटिव्ह आणि मायक्रोस्कोपखाली तांबड्या पेशी नाहीत, तर मायोग्लोबिनचा, म्हणजे चिरडलेल्या स्नायूंतून सुटणाऱ्या प्रथिनाचा संशय धरा. हे सगळं वीज नसताना कळतं.

सहावं, मायक्रोबायोलॉजी. इशारा पातळी ओलांडली की चालू कल्चर प्लेट (जंतू वाढवलेल्या बशा) आणि टीबीची कल्चर ऑटोक्लेव्ह करून, म्हणजे दाबाच्या वाफेनं निर्जंतुक करून टाका, जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशव्या वरच्या मजल्यावर न्या. पाण्यावर त्या तरंगत गेल्या तर गावाला आपणच आजार वाटला. कॅरी-ब्लेअर या सॅम्पल जपणाऱ्या माध्यमाच्या बाटल्या आधी भरून ठेवा, त्यात जुलाबाचं सॅम्पल फ्रीजशिवाय तग धरतं. पिण्याच्या पाण्यासाठी एचटूएसच्या बाटल्या (पाण्यात मैलाचे जंतू असले की काळ्या पडतात) आणि क्लोरीन तपासायच्या ओटी टेस्टचं द्रावण. गावोगाव पाण्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर पडते की नाही, ते त्या ओटीनंच कळतं.

ज्यांना लॅबसाठी एनएबीएलची मान्यता घ्यायचीय त्यांच्यासाठी: वैद्यकीय प्रयोगशाळांच्या आयएसओ १५१८९ या मानकाच्या २०२२ च्या आवृत्तीत ७.८ हे कलम याच विषयावर आहे. आराखडा नुसता असून चालत नाही, ठरावीक काळानं तपासून बघावा लागतो. म्हणजे वर्षातून एकदा भर दिवसा मेन स्विच बंद करा, अधीक्षकांना आणि वॉर्डांना आधी सांगून, आणि एक तास फक्त त्या यादीवर लॅब चालवा. मे महिन्याचा दुसरा आठवडा बरा, पावसाच्या आधी दुरुस्तीला वेळ मिळतो.

चिठ्ठी परत आली, थांबतो. यादीचे कोरे कागद दाराशी ठेवलेत, एकेक घेऊन जा. भरून झाले की आपल्या संघटनेकडं एक प्रत द्या, म्हणजे पुरात कुणाकडं काय चालू आहे हे मिरजेच्या आणि कोल्हापूरच्या लोकांनाही कळेल. प्रश्न जेवणाच्या सुट्टीत विचारा, मी इथंच आहे.