कासव दिसलं नाही म्हणून गादी वाईट?

मंडळी, बाणकोटपासून आंजर्ल्यापर्यंत घरात पाहुणे उतरवणारे बरेच जण आज इथे आले आहेत. तुमच्याकडून एकच गाऱ्हाणं पुन्हा पुन्हा ऐकतो. एकाच आठवड्यात, एकाच खोलीत दोन कुटुंबं राहून जातात. एक निघताना काकूंच्या पाया पडतं, दुसरं "परत यायचं नाही" असं ठरवून जातं. जेवण तेच, गादी तीच. मग दुसरं कुटुंब खोटं बोलतं का? मला तसं मुळीच वाटत नाही.

बाणकोटजवळच्या वेळास गावाचंच घ्या. 2002 साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं तिथे ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. त्याआधी अंडी उकरून नेली जात. 2006 पासून कासव महोत्सव भरू लागला, आणि गावानं पाहुण्यांना आपल्याच घरांत उतरवून घेतलं. पडवीत गाद्या, मागीलदारी न्हाणी, ताटात घरचंच जेवण. मला याचं फार मोल वाटतं, कारण पैसा थेट घराघरात पोचतो आणि अंडी राखण्यात गावाचाही फायदा होतो.

पण पाहुणा घरून निघतो तो कासवाची पिल्लं बघायला, आणि पिल्लं ठरल्या वेळी बाहेर येत नाहीत. मादी एका वेळी शंभरेक अंडी घालते. ती उचलून किनाऱ्यावरच्या कुंपणात पुन्हा पुरतात. पिल्लं निघायला साधारण 45 ते 60 दिवस लागतात; वाळू तापलेली असली तर लवकर, गार असली तर उशिरा. त्यामुळे अंदाज बांधता येतो, खात्री देता येत नाही. घरट्यावर टोपली झाकलेली असते, ती सकाळ-संध्याकाळ उचलून बघतात. कधी खाली पिल्लांची झुंबड, कधी नुसती वाळू.

ज्याला पिल्लं दिसली तो दोरीमागे पोराला मांडीवर घेऊन बसलेला असतो. पिल्लांना पाण्यात सोडत नाहीत, थोडं अलीकडे वाळूवर ठेवतात. पुढचं त्यांनीच चालायचं. एखादं लाटेपर्यंत पोचतं, लाट त्याला मागे फेकते, ते उताणं पडतं, वल्ह्यासारखे पाय मारत सरळ होतं आणि पुन्हा निघतं. हे पाहिलेल्या माणसाला रात्री वीज गेली होती हे आठवतसुद्धा नाही. रिकामी टोपली बघून परतलेल्याला मात्र वीज, डास, फोनची रेंज, न्हाणीपुढची रांग, सगळं आठवतं. कासवावर रागावता येत नाही, मग राग गादीवर निघतो.

हे गादी बदलून सुटायचं नाही. फोन आला की "आहे की सगळं, या तुम्ही" असं म्हणू नका. पिल्लं दिसतीलच असं नाही, हे आधी सांगा. शनिवारी दुपारी येऊन रविवारी सकाळी निघणाऱ्याला दोनच वेळा मिळतात. दोन रात्री राहिला तर चार. सोबत गुडघे दुखणारी आजी असेल तर संडास कसा आहे, घरापासून किती लांब आहे, तेही सांगा. चार पाहुणे कमी आले तरी चालतील.

जुने पाहुणे "वाडी पूर्वीसारखी दाट राहिली नाही" म्हणतात, तेही मनाला लावून घेऊ नका. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात नारळी-पोफळी आडव्या झाल्या. नवी पोफळ धरायलाच पाच-सात वर्षं जातात. त्यांना झोडपलेली बाग दाखवा, लावलेली रोपं दाखवा.

एका मागणीला मात्र ठाम नकार द्या. "समुद्राच्या बाजूला मोठे दिवे लावा, रात्री काही दिसत नाही," असं पुष्कळ जण म्हणतात. पिल्लं उजेडाकडे वळतात. किनाऱ्यावर दिवा असला तर ती समुद्र सोडून गावाकडे चालू लागतात आणि कुत्र्या-कावळ्यांच्या तोंडी जातात. अंगणातला दिवा रस्त्याच्या बाजूला, खाली तोंड करून लावा. रात्री वाळूत जाणाऱ्या पाहुण्याला मोबाईलचा टॉर्च बंद ठेवायला सांगा, आणि का ते त्याच्या मुलांसमोर सांगा.