नसलेला हात आणि हार्वर्डचे प्राध्यापक

नमस्कार. माझ्या मागे कापसाचा ढीग दिसतो आहे, कारण वेचणीचे दिवस आहेत आणि कॅमेरा लावण्यासारखी दुसरी भिंत घरात मोकळी नाही.

वर्धा जिल्ह्यातील आमच्या गावच्या एका काकांचा उजवा हात सोयाबीन काढताना थ्रेशरमध्ये कोपरापर्यंत गेला. जखम केव्हाच भरली. तरीही थंडी पडली की त्या नसलेल्या मुठीची नखे तळव्यात रुततात, असे ते सांगतात आणि डाव्या हाताने दुपट्टा सारून रिकाम्या जागी चाचपतात. घरच्यांना हे बाहेरचे वाटले, तर एका दवाखान्याने मनाचे खेळ म्हणून त्यांची बोळवण केली.

हा त्रास ज्यांनी शेकडो माणसांना पत्राने विचारला, ते विल्यम जेम्स. १८४२ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या जेम्स यांनी हार्वर्डमध्ये आधी रसायनशास्त्र आणि मग वैद्यक शिकायला घेतले, मध्येच ॲमेझॉनच्या मोहिमेवर गेले आणि १८६९ मध्ये डॉक्टर झाले. पण दवाखाना त्यांनी कधीच थाटला नाही. पुढची काही वर्षे आजारपण आणि खोल नैराश्यात गेली. १८७३ पासून ते शरीरशास्त्र शिकवू लागले आणि १८७५ मध्ये मानसशास्त्र, ज्या विषयावरचे पहिले व्याख्यान त्यांनी ऐकले ते स्वतःचेच. १८८५ मध्ये ते तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झाले, १८८९ मध्ये मानसशास्त्राचे, १८९७ मध्ये पुन्हा तत्त्वज्ञानाचे. आपल्याकडे बारावीनंतर एकदा शाखा बदलली तरी पाहुणे वर्षभर विचारत राहतात!

मला मात्र या पदांपेक्षा १८८७ चे काम मोलाचे वाटते. अमेरिकी यादवी युद्धात हातपाय गमावलेले असंख्य सैनिक तेव्हा हयात होते, आणि खुद्द जेम्स यांच्या वडिलांचा एक पाय लहानपणीच कापावा लागला होता. जेम्स यांनी अशा सुमारे ८०० जणांना प्रश्नावली पाठवली. १८५ जणांची उत्तरे आली. गेलेला अवयव अजून जाणवतो का, आणि तो इच्छेने हलवता येतो का, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. पहिला प्रश्न कोणताही डॉक्टर विचारील. दुसऱ्यासाठी इच्छा म्हणजे काय, या कोड्याने झोप उडालेला माणूस लागतो, आणि जेम्स यांची ती उडालेली होती.

तोच दुसरा प्रश्न मी काकांना विचारला. बराच वेळ ते खांद्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "बोटं तं हायेत, पण माह्यं आयकत नाहीत."

न ऐकणाऱ्या याच मुठीसाठी, चेन्नईत वैद्यक शिकलेल्या विलयनूर रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात आरशाची पेटी वापरली. शाबूत हाताचे प्रतिबिंब नसलेल्या हाताच्या जागी दिसते. तो हात उघडला की दुसरी मूठही सुटल्यासारखी वाटते. सगळ्यांनाच गुण येतो असे नाही. मंगळवारी मी काकांना घेऊन वर्ध्याला फिजिओथेरपिस्टकडे जाणार आहे. आरसा घरूनच आणा, असे त्यांनी फोनवर सांगितले आहे.