हातांनी बोलणारी खोली

नमस्कार श्रोतेहो. आज मी तुम्हांला दोन गावांबद्दल सांगणार आहे. दोन्ही गावं भूगोलाच्या पुस्तकात सापडायची नाहीत, कारण ती संगणकाच्या आत आहेत, आणि ठिकठिकाणचे लोक इंटरनेटवरून तिथं येऊन एकमेकांना भेटतात. एक माझं जुनं, सेकंड लाइफ. दुसरं अलीकडेच पाहून आले ते, व्हीआरचॅट. बोलण्याच्या ओघात मी पुन्हा पुन्हा हातांवर येईन, तेव्हा एवढं ध्यानात असू द्या: हात.

आधी जुनं गाव. सेकंड लाइफ 2003 सालच्या जूनमध्ये सुरू झालं. तिथली जमीन चौकोनी तुकड्यांची, प्रत्येक तुकडा 256 मीटर लांब आणि 256 मीटर रुंद. तुकड्याला तुकडा लागून मोठाले भूखंड झाले आहेत, आणि कंटाळा आला तर त्यांच्यावरून उडत जाता येतं. मूळच्या चालीनं सूर्य निघाला तर चार तासांत दिवस आणि रात्र दोन्ही उरकतात. घरं, झाडं, कपडे जवळजवळ सगळं तिथल्या रहिवाशांनीच घडवलेलं. ठोकळे, गोळे, नळकांडी घ्यायची, ताणायची, कापायची, जोडायची. या मूळ आकारांना तिथं प्रिम म्हणतात. मी चार प्रिमांचा एक बाक केला होता: बसायची फळी, पाठ आणि दोन पाय. इतकी वर्षं झाली, तो बाक जिथं ठेवला तिथंच आहे. मी महिनाभर फिरकले नाही तरी तो तिथंच असतो. जागा तुमच्याकडे आहे तोवर वस्तू जागची हलत नाही. याच एका गुणासाठी त्या गावावर माझा जीव आहे.

आणि तिथले हात. तुम्ही कीबोर्डवर काही लिहायला लागलात की तुमचा अवतार, म्हणजे पडद्यावरची तुमची आकृती, दोन्ही हात पुढे करून हवेतच टाइप करू लागते. टक टक टक आवाजही येतो. समोरच्याला कळतं, ही काहीतरी सांगणार आहे, थांबू या जरा. आवाजात बोलायची सोय तिथं 2007 साली आली, तरी कितीतरी जुने रहिवासी अजून लिहूनच बोलतात. मीही त्यांतलीच.

आता नवं गाव. खरं तर ते एक गाव नाहीच. व्हीआरचॅटमध्ये हजारो सुटी सुटी जगं आहेत, लोकांनीच बनवलेली. एकेका जगाच्या कितीतरी प्रती एकाच वेळी चालू असतात. तुम्ही एका प्रतीत, मी दुसऱ्या प्रतीत, खोली तीच आणि तरी आपली गाठ नाही. शेवटचा माणूस बाहेर पडला की ती प्रत मिटते. पुन्हा सांगते, कारण जुन्या गावाहून मोठा फरक हाच: शेवटचा माणूस गेला की खोली मिटते.

डोक्याला हेडसेट, म्हणजे डोळ्यांपुढे ते जग उभं करणारा चष्मा, लावून आणि दोन्ही हातांत कंट्रोलर, म्हणजे हातांची हालचाल टिपणाऱ्या मुठी, घेऊन आत गेलात तर तुमचे खरे हात हलतील तसे अवताराचे हात हलतात. हेडसेट नसला तरी साध्या संगणकावरून जाता येतं. मी तशीच गेले. तिथं आवाजही अंतराप्रमाणे लहानमोठा होतो, जवळ गेलं की मोठा, लांब गेलं की बारीक.     

तर पहिल्याच संध्याकाळी मी एका खोलीत शिरले. लाकडी जमीन, खिडक्या, भिंतीवर मोठा आरसा. दहा जण उभे होते. लाल मफलर घातलेला एक कोल्हा, एक उंच यंत्रमानव, हिरव्या रेनकोटातली एक मुलगी. आणि चिडीचूप. मला वाटलं, माझा आवाज गेला. हेडफोन काढला, पुन्हा लावला. आवाज वाढवला. बाहेर पडून परत आत आले. तरी शांतताच. मग माझं लक्ष हातांकडे गेलं. सगळ्यांचे हात चालू होते. कोल्हा छातीपाशी दोन्ही पंजे आणून भराभर काहीतरी सांगत होता आणि रेनकोटवाली मान हलवत उत्तर देत होती. ती खोली कर्णबधिर मंडळींची आणि त्यांची भाषा शिकायला आलेल्यांची होती. अख्खी खोली हातांनी बोलत होती.

माझे हात मात्र दोन्ही बाजूंना लोंबत होते. कंट्रोलरच नव्हते, हलवणार काय? कोल्ह्यानं ते हेरलं. त्यानं टेबलावरचं पेन उचललं आणि हवेत लिहायला लागला. त्या पेनाची रेघ हवेतच तरंगत राहते. मी त्याच्या समोर उभी, त्यामुळे मला सगळी अक्षरं उलटी दिसत होती, आरशात दिसावीत तशी. मी वळसा घालून त्याच्या खांद्यामागे जाऊन उभी राहिले, तेव्हा वाचता आलं. लिहिलं होतं, "नवीन?" लिहिलं होतं इंग्रजीत, मी आपलं मराठीत सांगते.

उत्तर कसं द्यावं? तेव्हा लक्षात आलं की माउस वरखाली केला की अवताराची मान वरखाली होते. मी मान डोलावली. त्यानं ते खोडून दुसरं लिहिलं, "ऐकू येतं?" मी मान डोलावली. तिसरं लिहिलं, "हेडसेट नाही?" पुन्हा मान डोलावली. तीन प्रश्न, तीन होकार. त्यानं मागे वळून सगळ्यांना काहीतरी सांगितलं, आणि दहाच्या दहा जणांनी हात वर करून पंजे मनगटातून गोल फिरवले. कर्णबधिरांची टाळी तशीच असते, आवाजाची नाही, दिसणारी. वीस पंजे माझ्यासाठी हवेत फिरत होते आणि मला एकही हात उचलता येत नव्हता. मी स्पेसबार दाबला आणि एक उडी मारली. त्यांनी पुन्हा पंजे फिरवले.

तासभर मी तिथं होते. कळलेल्या दोन गोष्टी थोडक्यात सांगते. सांकेतिक भाषा जगभर एक नसते. अमेरिकेची वेगळी, ब्रिटनची वेगळी, ब्रिटनची मुळाक्षरं तर दोन्ही हातांनी काढतात. आणि पुष्कळशा कंट्रोलरना पाचही बोटं सुटी सुटी कळत नाहीत. त्यामुळे बोटावर बोट चढवायची अक्षरं तशीच्या तशी काढता येत नाहीत. मग या मंडळींनी तेवढ्यापुरत्या वेगळ्या खुणा ठरवून घेतल्या आहेत. अशा जागेला आभासी म्हणतात. मला तो शब्द पटत नाही. कोल्ह्यानं मला विचारलेले तीन प्रश्न आभास नव्हते.

रात्री जुन्या गावी परतले, माझ्या बाकावर बसले. मैत्रीण शेजारी आली, तिला हे सगळं लिहून सांगायला लागले, आणि माझ्या अवताराचे हात वर आले. टक टक टक. इतकी वर्षं ते हात मी पाहिलेच नव्हते. बाकाच्या बाबतीत जुनं गाव पुढे, यात मला शंका नाही. नव्या गावात बाक ठेवला असता तर सगळे गेल्यावर तो मिटला असता. पण जुन्या गावात माझे हात शब्द टाइप करतात एवढंच दिसतं. नव्या गावात हातच शब्द होतात.

दुसऱ्या दिवशी त्याच खोलीत गेले. कुणी नव्हतं. हवेतली अक्षरंही नव्हती. तिसऱ्या दिवशीही तेच. रिकाम्या खोलीत वेळ होता म्हणून मी कीबोर्ड चाचपत बसले, आणि सापडलं: शिफ्ट दाबून वरच्या रांगेतल्या एफच्या कळा दाबल्या की साध्या संगणकावरूनही अवताराची बोटं बदलतात. मूठ होते, पंजा उघडतो, अंगठा वर होतो.

शनिवारी कोल्हा होता. लाल मफलर तोच. पेन उचलून त्यानं हवेत लिहिलं, "अजून हेडसेट नाही?" मी वळसा घालून त्याच्या खांद्याशी गेले, वाचलं, आणि माझी मूठ वळवून अंगठा वर केला. त्यानं पेन हातातून सोडून दिलं आणि दोन्ही पंजे वर नेले.