नॉटिंगहॅमचा हरवलेला ‘स’

नॉटिंगहॅम म्हटलं की आपल्याला ट्रेंट ब्रिज आठवतं. २००७ साली श्रीरामपूरच्या झहीर खाननं तिथल्या कसोटीत नऊ बळी घेतले होते. आज मात्र मी तुमच्याशी त्या गावाच्या नावाबद्दल बोलणार आहे.

गावाच्या नावाची फोड आजच्या रूपावरून करायला गेलं की हमखास फसगत होते. आधी जुन्यात जुनं लिखित रूप शोधायचं. अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल या जुन्या इंग्रजी बखरीत ८६८ सालच्या नोंदीत डेन लोकांची फौज या गावी असल्याचं लिहिलंय, आणि तिथं नाव आहे ‘स्नोटेंगाहाम’. सुरुवातीला चक्क ‘स’!

आता फोड करू. ‘स्नोट’ हे माणसाचं नाव. आजच्या इंग्रजीत स्नॉट म्हणजे शेंबूड, म्हणून लोक हसतात. पण जुन्या इंग्रजीत ‘स्नोटर’ म्हणजे शहाणा, आणि हे नाव त्या शब्दाशी जुळतं. ‘इंग’ म्हणजे त्या माणसाची भावकी, त्याची माणसं. ‘हाम’ म्हणजे वस्ती. आणि मधला तो एवढासा ‘आ’? मला तोच सगळ्यात मोलाचा वाटतो. तो षष्ठीचा प्रत्यय आहे, तोही अनेकवचनी. म्हणजे ही एकट्या स्नोटची वस्ती नव्हे, स्नोटच्या माणसांची वस्ती.

नवव्या शतकातला इंग्रज राजा आल्फ्रेड याचं चरित्र लिहिणारा वेल्श पंडित अ‍ॅसर याच गावाचं वेल्श नाव देतो आणि त्याचा अर्थ सांगतो, ‘गुहांचं घर’. गावाखालच्या वालुकाश्मात माणसांनी कोरलेल्या शेकडो गुहा आहेत, तेव्हा ते नाव अगदी खरं. पण म्हणून स्नोट म्हणजे गुहा असं धरायचं नाही. ही एकाच जागेची दोन भाषांतली दोन स्वतंत्र नावं.

मग ‘स’ गेला कुठं? १०६६ नंतर नॉर्मन आले. त्यांच्या फ्रेंचमध्ये शब्दाच्या सुरुवातीला ‘स्न’ येत नसे, आणि बाराव्या शतकात नॉटिंगहॅमचं ‘स’ नसलेलं रूप कागदोपत्री दिसू लागतं. याला साक्ष शेजारच्या स्नेन्टनची. तेही मुळात स्नोटच्याच नावाचं, फक्त शेवटी ‘हाम’ऐवजी ‘टून’, म्हणजे कुंपणातली शेतवाडी. आता १०८६ ची डूम्सडे ही इंग्लंडच्या जमीनपाहणीची नोंदवही उघडा. तिथं मोठं गाव ‘स्नोटिंगेहाम’ असं ‘स’सकट आहे आणि शेजारचं ‘नोटिंटोन’ असं बिन‘स’चं. आज नेमकं उलटं! दोन्ही नावं एकमेकांशेजारी ठेवली की आद्य ‘स’ दोघांचाही होता हे कळतं. मोठ्या गावाचा कायमचा गेला, धाकट्याचा लोकांच्या तोंडी टिकला.

साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेचे संस्थापक विल्यम बूथ १८२९ साली या स्नेन्टनमध्येच जन्मले. ज्या गल्लीत जन्मले तिचं नाव नोटिंटोन प्लेस.